किरणोपचाराच्या नियोजनाचे काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईतील एका रुग्णालयाच्या कर्करोग विभागात किरणोपचारांचे नियोजन करते. दरवर्षी परीक्षांचे निकाल लागले की भौतिकशास्त्राचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक या कामाविषयी विचारपूस करतात, आणि रुग्णांचे नातेवाईक तर वर्षभर करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

हे काम नेमके काय असते?

गाठीवर किरणांचा उपचार करायचा असे डॉक्टरांनी ठरवले की ते किरण कोणत्या दिशांनी, किती रुंदीच्या झोतांतून आणि किती प्रमाणात सोडले म्हणजे गाठीला ठरलेली मात्रा पूर्ण मिळेल आणि शेजारचे निरोगी अवयव शक्य तितके वाचतील, हे संगणकावर आखून, हिशेबाने पडताळून आणि यंत्रावर मोजून दाखवणे हे नियोजकाचे काम आहे. मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की तो एक ग्रे झाला. एवढ्या ऊर्जेने पाण्याचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागानेही वाढत नाही, पण तीच ऊर्जा पेशीतील डीएनएचे धागे तोडते. गालाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सहसा ६० ग्रे दिले जातात, तेही रोज २ ग्रे याप्रमाणे ३० वेळा, म्हणजे शनिवार-रविवार वगळता सहा आठवडे.

गावाकडून आलेली माणसे याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. ‘शेक’ या शब्दामुळे काहींना तिथे चटका बसेल अशी भीती वाटते. उपचार चालू असताना काहीच जाणवत नाही, हे आम्ही प्रत्येकाला आधीच सांगतो.

डॉक्टर असताना वेगळा नियोजक कशाला लागतो?

गाठ कुठवर पसरली आहे, किती मात्रा द्यायची आणि अगदीच अडचण आली तर कोणता अवयव किती पणाला लावायचा, हा निर्णय किरणोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचा असतो. तो निर्णय यंत्राला समजेल अशा आकड्यांत उतरवणे ही नियोजकाची जबाबदारी असते, आणि रोज रुग्णाला टेबलावर त्याच स्थितीत झोपवून ते आकडे प्रत्यक्ष अमलात आणणे हे टेक्नॉलॉजिस्टचे काम असते. या तिघांपैकी कोणी कोणाच्या वर आहे असे समजून चालणाऱ्या विभागात चुका लवकर सापडत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पदाला काय म्हणतात?

काही देशांत नियोजनासाठी ‘डोसिमेट्रिस्ट’ नावाचे स्वतंत्र पद असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे काम मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञच करतो, आणि त्याच्याकडे यंत्राची रोजची तपासणी, मोजमापे आणि किरण-सुरक्षा हीदेखील कामे असतात. त्यामुळे जाहिरात शोधताना ‘मेडिकल फिजिसिस्ट’ हेच नाव शोधावे.

शिक्षण कोणते लागते?

पदार्थविज्ञानात बीएस्सी, मग एमएस्सी, आणि त्यानंतर रेडिऑलॉजिकल किंवा मेडिकल फिजिक्समधील पदव्युत्तर पदविका, हा रूढ मार्ग आहे. त्यापुढे सुसज्ज किरणोपचार विभागात किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेली ही अर्हता नसेल तर रुग्णालय तुम्हाला या पदावर घेऊ शकत नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील पदविका अभ्यासक्रम १९६२ पासून चालू आहे, आणि देशातल्या अनेक विभागांतील ज्येष्ठ मंडळी तिथूनच शिकून बाहेर पडलेली आहेत.

मुंबईत या विषयाची मुळे जुनी आहेत. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे आले. अणुभट्ट्यांचा विचार करणारे खाते आणि कर्करोगाचे रुग्णालय एकाच छत्राखाली असणे बाहेरच्याला विचित्र वाटते, पण आमच्या क्षेत्राला त्याचा फार मोठा फायदा झाला आहे. भाभाट्रॉन हे देशी बनावटीचे कोबाल्ट यंत्र त्याच वातावरणात घडले.

एक प्लॅन कसा तयार होतो?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, म्हणून याचे उत्तर सविस्तर देते. उदाहरण म्हणून आमच्याकडे नेहमी येणारा रुग्ण घेऊ. पन्नाशीचा माणूस, बरीच वर्षे तंबाखू आणि गुटखा खाल्लेला, डाव्या गालाच्या आतील कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली, आणि तोंड जेमतेम दोन बोटे उघडणारे.

कामाची सुरुवात संगणकावर होत नाही, मोल्ड रूममध्ये होते. तिथे साधारण ७० अंशांच्या पाण्यात जाळीदार प्लास्टिकचा कडक पत्रा टाकतात, तो काही मिनिटांत भिजलेल्या पापडासारखा लवचीक होतो, पाणी निथळून तो रुग्णाच्या चेहऱ्यावरून आणि मानेवरून ओढून बसवतात, आणि थंड होईपर्यंत टेक्नॉलॉजिस्ट नाकाचा शेंडा, हनुवटी, कपाळ येथे बोटांनी हलके दाबत राहतात. कडक झालेला हा मास्क टेबलाला अडकवला की डोके हलू शकत नाही. मास्क ओढला जात असताना घाबरून रुग्णाने खांदे वर घेतले, तर तेच खांदे पुढे सहा आठवडे वेगवेगळ्या उंचीवर येत राहतात आणि मानेच्या खालच्या भागाचा हिशेब रोज थोडा बिघडतो. म्हणून ‘काका, खांदे सैल सोडा, श्वास नेहमीसारखा घ्या’ हे वाक्य माझ्या दृष्टीने पुढच्या कोणत्याही गणिताइतके महत्त्वाचे आहे.

मग त्याच मास्कसह, त्याच सपाट टेबलावर सीटी स्कॅन होतो. सुमारे तीन मिलिमीटरला एक असे काप घेतले जातात. डॉक्टर त्या प्रत्येक कापावर शस्त्रक्रियेची जागा आणि मानेतील, रोग पसरण्याचा धोका असलेल्या लसीकाग्रंथींचा प्रदेश रेखाटतात, आणि रोजच्या मांडणीतील फरक गृहीत धरून त्याभोवती तीन ते पाच मिलिमीटरांची कड सोडली जाते. आम्ही आणि डॉक्टर मिळून मज्जारज्जू, मेंदूचा देठ, लाळग्रंथी, जबड्याचे हाड, स्वरयंत्र, डोळे यांच्या रेषा आखतो. दातात चांदी भरलेली असेल तर सीटीवर पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचे फटकारे उमटतात आणि त्या ठिकाणी संगणक ऊतीची घनता चुकीची वाचतो. ते फटकारे हाताने निवडून तिथे योग्य घनता भरावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते वगळले तर मात्रेचा हिशेब नेमका गालापाशीच चुकतो.

यानंतर खरी आखणी. लिनॅक म्हणजे रेखीय त्वरक रुग्णाभोवती फिरत फिरत सहा मेगाव्होल्टचे क्ष-किरण सोडतो, आणि त्याच्या तोंडाशी असलेली धातूची अरुंद पाने पुढे-मागे सरकत झोताचा आकार क्षणोक्षणी बदलतात. मी संगणकाला अटी देते: लक्ष्याच्या किमान ९५ टक्के भागाला ठरलेल्या मात्रेच्या किमान ९५ टक्के मिळावे, मज्जारज्जूच्या कोणत्याही बिंदूला ४५ ग्रेपेक्षा जास्त जाऊ नये, उजव्या बाजूच्या लाळग्रंथीची सरासरी २६ ग्रेच्या आत आणि जमल्यास त्याहून बरीच खाली राहावी. संगणक एक उत्तर काढतो. ते पाहून मी एखादी अट घट्ट करते, दुसरी सैल करते, पुन्हा चालवते. लाळग्रंथी वाचवायला जावे तर जिभेच्या मुळाशी मात्रा साचते, ती हटवावी तर कातडीजवळ हॉटस्पॉट, म्हणजे नको तेवढ्या मात्रेचा ठिपका, उगवतो. वीस-पंचवीस फेऱ्या सहज होतात. उजवी ग्रंथी वाचली, तर वर्षभरानंतर हा माणूस भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळू शकेल, ही गोष्ट मी त्या फेऱ्यांमध्ये डोळ्यांपुढे ठेवते. तोंड कायमचे कोरडे पडणे म्हणजे काय, हे ज्याने फॉलो-अपच्या ओपीडीत पाहिले आहे तो दोन ग्रेसाठी आणखी एक तास आनंदाने बसतो.

चांगला प्लॅन कशावरून ओळखायचा?

कोणत्या अवयवाच्या किती भागाला किती मात्रा मिळते, हे एका आलेखात दिसते. आम्ही त्याला डीव्हीएच म्हणतो. नवशिके त्या आलेखावर फार विसंबतात. मीही विसंबले होते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, तेव्हाच्या रुग्णालयात, मी मानेचा एक प्लॅन मोठ्या समाधानाने वरिष्ठांपुढे ठेवला. मज्जारज्जूची कमाल मात्रा ४३ ग्रे दिसत होती. सरांनी आलेख बाजूला केला आणि सीटीचे काप वरून खाली एकेक करून सरकवायला सुरुवात केली. मानेच्या तळाशी ते थांबले आणि म्हणाले, “अगं, इथे मज्जारज्जू संपला का?” मी आखलेली रेषा उपचाराच्या खालच्या कडेच्या दीड सेंटिमीटर आधीच थांबली होती. उरलेल्या तुकड्यावर ५० ग्रेच्या पुढची मात्रा पडत होती, आणि तिथे रेषाच नसल्यामुळे आलेखात ती कुठेच दिसत नव्हती. प्लॅन यंत्रापर्यंत गेला नव्हता, रुग्णाला काही झाले नाही. पण तेव्हापासून आजतागायत मी आलेख उघडण्याआधी सगळे काप पाहते, आणि हाताखालच्या मुलांनाही तीच सवय लावते.

दुसरी कसोटी याहून अवघड आहे. प्लॅन एका दिवसाच्या चित्रावर बनतो, आणि शरीर रोज थोडे वेगळे येते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मूत्राशय भरलेले असले की आतडी वर उचलली जातात आणि त्यांना मात्रा कमी मिळते, म्हणून लघवी करून, अर्धा लिटर पाणी पिऊन, पाऊण तास थांबून मग सीटी काढतात. कोकणातून आलेल्या एका आजींनी सीटीच्या दिवशी इतके निग्रहाने रोखून धरले की चित्र पुस्तकात छापावे असे आले. प्लॅनही देखणा झाला. पण पुढे २५ दिवस, यंत्रासमोरची रांग कधी पुढे कधी मागे होत असताना, तेवढे रोखणे त्यांना शक्य नव्हते, आणि तिसऱ्या दिवशी त्या बाकावर बसून रडू लागल्या. आम्ही त्यांना सहज जमेल एवढ्या पाण्यावर पुन्हा सीटी घेतला आणि नवा प्लॅन केला. आकड्यांत तो पहिल्यापेक्षा थोडा उणा होता. मला तोच अधिक चांगला वाटतो, कारण तो त्यांच्या शरीरावर रोज तसाच उतरत होता.

सीटी झाल्यावर उपचार सुरू व्हायला इतके दिवस का लागतात?

नातेवाईकांचा हा प्रश्न रास्त आहे; गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा कुणा नातेवाइकाच्या खोलीत मुक्काम ठोकून बसलेल्या कुटुंबाला एकेक दिवस जड जातो. रेखांकन, आखणी, डॉक्टरांची मंजुरी, दुसऱ्या भौतिकशास्त्रज्ञाची स्वतंत्र तपासणी आणि यंत्रावरील मोजणी, असे टप्पे असतात, आणि एका विभागात एकाच वेळी अनेकांचे प्लॅन रांगेत असतात. जिवाला तातडीचा धोका असेल, उदाहरणार्थ मज्जारज्जू गाठीखाली दबला असेल, तर साधा प्लॅन करून त्याच दिवशी उपचार सुरू करता येतो आणि करतात.

यंत्रावर आधी मोजून पाहतात म्हणजे काय करतात?

रुग्णाच्या जागी मोजणीचे उपकरण टेबलावर ठेवून संपूर्ण उपचार जसाच्या तसा चालवतात, आणि मोजलेली मात्रा संगणकाने वर्तवलेल्या मात्रेशी बिंदूबिंदूने ताडून पाहतात. मात्रेत तीन टक्के आणि अंतरात दोन मिलिमीटर एवढ्या सवलतीत किमान ९५ टक्के बिंदू जुळावेत, हा आज प्रचलित असलेला दंडक आहे. दिवसभर यंत्र रुग्णांसाठी चालू असल्याने ही मोजणी बहुधा संध्याकाळी उशिरा होते, आणि परतीची लोकल दहाच्या पुढची होते. या कामाच्या वेळा विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

शरीराच्या आतून दिल्या जाणाऱ्या उपचाराचेही नियोजन असते का?

असते. ब्रॅकीथेरपीत इरिडियम-१९२ चा तांदळाच्या दाण्याहून बारीक स्रोत नळ्यांमधून गाठीपाशी जातो आणि ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबतो. इरिडियमचे अर्धायुष्य, म्हणजे स्रोताची ताकद निम्म्यावर येण्याचा काळ, सुमारे ७४ दिवस असल्याने तोच प्लॅन अडीच महिन्यांनी दुप्पट वेळ घेतो, आणि तीन-चार महिन्यांनी स्रोत बदलावा लागतो. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे, तरी तोही महिन्याला साधारण एक टक्क्याने उतरतो आणि त्याचीही दुरुस्ती हिशेबात धरावी लागते. ब्रॅकीचे नियोजन रुग्ण नळ्यांसह ताटकळत पडलेली असताना करायचे असते. तिथे जलद आणि अचूक दोन्ही असावे लागते, आणि हे कसब वरिष्ठांच्या शेजारी बसूनच येते.

आम्हाला स्वतःला किरणांचा धोका नसतो का?

नियोजनाचे काम संगणकावर होते. लिनॅकची खोली प्रचंड जाड काँक्रीटच्या भिंतींची असते, दार उघडले की किरण आपोआप थांबतात, आणि यंत्र बंद असताना ते किरण निर्माणच करत नाही. कोबाल्ट किंवा इरिडियमचा स्रोत मात्र कधी ‘बंद’ होत नाही, तो फक्त कवचात ठेवलेला असतो. तिथे शिस्त कडक लागते. अंगावर पडलेल्या किरणांची नोंद ठेवणारा टीएलडी बॅज आम्ही छातीशी लावतो आणि तो दर तीन महिन्यांनी मोजणीला जातो. किरण-सुरक्षेत मात्रा मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. कर्मचाऱ्यांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. नियमांनी चालणाऱ्या विभागात प्रत्यक्ष नोंद याच्या पुष्कळ खाली राहते.

गरोदर राहिल्यास नोकरी सोडावी लागत नाही. ते लगेच किरण-सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवायचे असते, म्हणजे बाळाला मिळणारी मात्रा एक मिलिसिव्हर्टच्या आत राहील अशी कामे दिली जातात.

बाहेरून किरण घेतलेल्या रुग्णाजवळ लहान मुलांना जाऊ द्यावे का?

निःशंकपणे जाऊ द्यावे. लिनॅकचे किरण अंगात राहत नाहीत.

पावसाने गाड्या बंद पडल्या आणि उपचाराचे दिवस चुकले तर?

मुंबईत हा प्रश्न दर जुलैत येतो. हिंदमाताला पाणी भरते, रुळांवर पाणी येते, आणि कल्याण-कर्जतकडून येणारे रुग्ण पोहोचू शकत नाहीत. डोके-मानेच्या कर्करोगात उपचार लांबला की उरलेल्या पेशी वेगाने वाढू लागतात, आणि लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते असे मानले जाते. म्हणून चुकलेला दिवस नुसता शेवटी जोडून देत नाहीत. शनिवारी यंत्र चालवणे, किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा उपचार देणे, असे मार्ग डॉक्टर आणि आम्ही मिळून ठरवतो. रुग्णांना एवढेच सांगणे आहे की येणे शक्य नसेल तर विभागात फोन करावा. आपण ओरडा खाऊ या भीतीने गप्प बसू नये.

डोके-मानेच्या रुग्णांत प्लॅन बिघडवणारी आणखी एक गोष्ट घडते. चौथ्या आठवड्यापर्यंत तोंड सोलवटते, जेवण सुटते, वजन उतरते आणि सुरुवातीला घट्ट बसणारा मास्क सैल होतो. मास्क आणि गाल यांच्यामध्ये बोट जाऊ लागले, तर नवा मास्क, नवा सीटी आणि नवा प्लॅन लागतो.

संगणक आता स्वतःच प्लॅन करू लागला आहे, मग या पेशाला भवितव्य आहे का?

अवयवांच्या रेषा आखण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्ता आता काही मिनिटांत करते, आणि पुष्कळदा चांगले करते. मला त्याचा आनंदच आहे, कारण रेघा ओढण्यात गेलेले तास मला परत मिळाले. पण शस्त्रक्रियेत जबड्याचा तुकडा काढून तिथे मांडीचा मांसल भाग बसवलेला असतो, तेव्हा शरीररचना नेहमीची राहत नाही आणि त्या रेषा भरकटतात. त्या तपासायला शरीररचना पक्की माहीत असलेला माणूस लागतो, म्हणून नव्या मुलांना मी सुरुवातीचे सहा महिने हातानेच रेषा आखायला लावते.

प्रोटॉन उपचाराचे नियोजन वेगळे असते का?

बरेच वेगळे असते. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, तर प्रोटॉन ठरावीक खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा टाकून थांबतात, त्यामुळे विशेषतः लहान मुलांत गाठीपलीकडची ऊती वाचते. पण खोलीचा अंदाज चुकला तर मात्राही भलतीकडे जाते, आणि म्हणून तिथे अनिश्चिततेचा हिशेब अधिक काटेकोर असतो. टाटा मेमोरियलच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या केंद्रात २०२३ पासून ही सोय सरकारी व्यवस्थेत उपलब्ध झाली आहे.

गणित आवडते, पण रुग्णांचे हाल बघवत नाहीत. हे काम जमेल का?

अशी मुले-मुली दरवर्षी भेटतात. नियोजनाची खोली वेगळी असते आणि मनात आणले तर महिनोन्महिने एकाही रुग्णाचा चेहरा न पाहता काम करता येते. मी तसे करू देत नाही. आपल्या प्रत्येक प्लॅनच्या पहिल्या दिवशी कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवण्याच्या जागी, हजर राहायचे, रुग्णाला मास्क चढवताना पाहायचे, टेबलावरच घेतलेले सीटीचे चित्र प्लॅनच्या चित्राशी किती मिलिमीटरने जुळते ते स्वतः बघायचे, असा माझा आग्रह असतो. सुरुवातीला काहींना त्या खोलीत उभे राहवत नाही. अशा वेळी मी त्यांना एखादे काम देते: रुग्णाचे नाव आणि फाइलचा क्रमांक मोठ्याने विचारून घेणे, चप्पल बाजूला ठेवणे, उठताना हात देणे. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक जण आपणहून बोलू लागतात, आणि मग खोलीत परतल्यावर विचारतात, ‘मॅडम, त्या काकांचा उजवा खांदा आज वर होता, पुन्हा सीटी घ्यायचा का?’